खर्ज आणि टीप : ध्वनीच्या वाटणीची कथा



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून इतिहास म्हणून जे सांगितले जाते त्यात किल्ले असतात, तह असतात, सत्याग्रह असतात. सोलापूरकरांपुढे तर १९३० सालच्या मार्शल लॉचा आणि पुढच्या वर्षी जानेवारीत फासावर गेलेल्या चार हुतात्म्यांचा इतिहास कितीदा सांगितला तरी तो जुना होत नाही. आज आम्ही जो इतिहास मांडणार आहोत तो त्या मानाने फारच घरगुती आहे. आपल्या बैठकीच्या खोलीत जो वाद्यसंच असतो, त्यातील मोठ्या डब्याने किती बोलावे आणि लहान डब्यांनी किती बोलावे, ह्या वाटणीचा तो इतिहास आहे. हल्ली ह्या वाटणीला ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात. दुकानदार हा शब्द उच्चारतो, गिऱ्हाईक मान डोलावतो, आणि संच घरी आल्यावर त्या बटणाला कोणी हात लावीत नाही.

ह्या क्षुल्लक बटणाकडे आमचे लक्ष वेधले ते भवानी पेठेतील एका तंट्यामुळे. तेथे एका बोळात दोन घरांच्या मधे एकच सामाईक भिंत आहे. अलीकडच्या घरातील तरुण मुलाने पहिल्या पगाराच्या बचतीतून मोठ्या हौसेने संच आणला. पलीकडच्या घरात एक आजी राहतात. आयुष्यभर यंत्रमागाच्या खटखटाटात त्यांनी काढले, तेव्हा त्यांना आवाजाचे वावडे आहे असे कोणी म्हणणार नाही. पण आठ दिवसांत त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “शब्द एक कळंना, खाट मात्र हालतीया की रं बाबा!” मुलगा गोंधळला. त्याच्या मते आवाज काही मोठा नव्हता. उलट त्याच्या स्वतःच्या वडिलांची तक्रार अशी की, बातम्या देणारा काय बोलतो तेच नीट ऐकू येत नाही, जरा वाढव. एका घरी आवाज कमी पडत होता आणि दुसऱ्या घरी तोच जास्त होत होता. दोघेही खरे बोलत होते. हे कोडे सोडवावयाचे तर शंभर-दीडशे वर्षे मागे जावे लागते, आणि खरे म्हणजे त्याच्याही मागे.

आपल्याकडे ध्वनीची वाटणी यंत्रांनी शिकवलेली नाही. भवानी पेठ म्हटले की भवानी आली. रूपाभवानीचे हे शहर आहे, आणि कोजागिरीला येथून तुळजापूरच्या वाटेने पायी निघणारा जनसमुदाय आपण दर वर्षी पाहतो. जेथे भवानी तेथे गोंधळी, आणि जेथे गोंधळी तेथे संबळ. संबळ हे एक वाद्य म्हणावे, पण त्यात दोन भांडी शेजारी बांधलेली असतात. एक लहान, चढ्या आवाजाचे. दुसरे मोठे, खाली घुमणारे. चौघड्यातही नगाऱ्याच्या जाड आवाजाला टिमकीची जोड असते. तबल्याचे तर नावच जोडीने घ्यावे लागते : उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला डग्गा. एकाच कातड्यातून सगळे बोल काढण्याचा हट्ट आपल्या वादकांनी धरला नाही. मोठे भांडे आणि सैल कातडे खर्जासाठी, लहान तोंड आणि ताणलेले कातडे टिपेसाठी, ही वाटणी त्यांनी हाताच्या अनुभवाने केली.

ह्या अनुभवामागचे शास्त्र भारतीय माणसानेच जगापुढे मांडले. १९२० साली चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनी ‘नेचर’ ह्या नियतकालिकात आपल्या चर्मवाद्यांविषयी लिहिले. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी मेळ नसलेले असतात, म्हणून त्याचा आवाज नुसता ‘ठोका’ वाटतो. पण मृदंग आणि तबला ह्यांच्या तोंडावर मध्यभागी जो काळा लेप, म्हणजे शाई, असते, तिच्या वजनामुळे हे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येतात आणि त्या ठोक्याला सूर लाभतो, हे त्यांनी दाखवले. कोणता स्वर कोणत्या अंगातून काढावयाचा आणि तो शेजारच्या स्वराशी जुळवावयाचा कसा, हा आजच्या व्याख्यानाचा जो प्रश्न आहे तो आपल्या वाद्यकारांनी शाई घोटता घोटता सोडवला होता.

आता यंत्राकडे वळू. विजेच्या जोरावर आवाज मोठा करणारा कर्णा १९१५ च्या सुमारास अमेरिकेत जेन्सन आणि प्रिडहॅम ह्या दोघांनी चालता केला. १९२५ साली राइस आणि केलॉग ह्या दोन अभियंत्यांनी कागदी शंकूचा ध्वनिक्षेपक शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. आज आपल्या घरी जो स्पीकर आहे तो त्याच शंकूचा वंशज होय. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ बोलू लागला आणि पुढच्याच वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मुळे मराठी बोलपट जन्माला आला. प्रेक्षक भारावून गेले. पण त्या काळच्या चित्रगृहांत ज्या कर्ण्यांतून तो आवाज येई ते एकटेच सगळा भार वाहात. जुन्या सोलापूरकरांना लग्नाच्या मांडवावर, उंच बांबूला बांधलेला पत्र्याचा कर्णा आठवत असेल. त्यातून गाणे दोन गल्ल्या पलीकडे स्पष्ट ऐकू येई, परंतु गाण्यातला डग्गा मांडवातच राही. तबला तेवढा वाजे. डावा हात जणू बांधलेला! तो पत्र्याचा दोष नव्हता. कर्ण्याचे तोंड जितके रुंद तितका खालचा स्वर त्यातून बाहेर पडावयाचा, हा निसर्गाचा नियम आहे. खर्ज काढावयाचा तर मांडवाएवढाच कर्णा बांधावा लागला असता.

हा नियम थोडा आकड्यांत पाहू, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. दर सेकंदास २००० आंदोलने होत असतील तर ध्वनीच्या एका लाटेची लांबी सात इंचांच्या आत येते. ८० आंदोलने असतील तर तीच लाट चौदा फूट लांब होते, आणि २० असतील तर छप्पन्न फूट. शंकूने सात इंचांची लाट उठवणे आणि छप्पन्न फुटांची लाट उठवणे ही एकाच अंगाची कामे नव्हेत. शिवाय स्वर एक सप्तक खाली नेला की तेवढाच जोर ठेवण्यासाठी शंकूला चौपट अंतर पुढे-मागे हलावे लागते. मोठा, जड शंकू खर्जासाठी हलेल, पण सेकंदाला दहा हजार वेळा थरथरणे त्याला जमावयाचे नाही. लहान, हलकी चकती ते सहज करील, पण खर्ज तिच्यावर सोपवला तर ती फाटेल. हत्तीने सुई ओवावी आणि मुंगीने ओंडका वाहावा असा हा प्रकार होय. तेव्हा दोन अंगे हवीत, आणि कोणाचे काम कोठे संपते हे ठरविणारी एक रेघ हवी.

ती रेघ पहिल्यांदा मोठ्या दिमाखाने ओढली गेली ती १९३३ साली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर नावाचे शास्त्रज्ञ होते. २७ एप्रिल १९३३ रोजी त्यांनी एक प्रयोग केला. वाद्यवृंद फिलाडेल्फियात वाजत होता आणि श्रोते वॉशिंग्टनला, सव्वादोनशे किलोमीटर दूर, रिकाम्या रंगमंचापुढे बसले होते. वृंदाचे विख्यात संचालक स्टोकोव्स्की हे वृंदापुढे उभे नव्हते. ते श्रोत्यांच्या बाजूला, आवाजाच्या खुंट्यांवर हात ठेवून बसले होते. तारेवरून आलेला ध्वनी तेथे दोन भागांत वाटला जाई : ३०० आंदोलनांच्या खालचा एका अजस्र कर्ण्याकडे, वरचा लहान कर्ण्यांकडे. रिकाम्या रंगमंचावर जणू शंभर वादक बसले आहेत असा भास श्रोत्यांना झाला.

परंतु वाटणी केली म्हणजे संसार सुखाचा होतोच असे नाही, हे लवकरच हॉलिवुडमध्ये दिसून आले. मेट्रो-गोल्डविन-मेयर ह्या चित्रसंस्थेत डग्लस शिअरर आणि जॉन हिलियार्ड ह्या मंडळींनी ह्याच पद्धतीचा संच चित्रगृहांसाठी तपासावयास घेतला. एलिनॉर पॉवेल ह्या नर्तकीचा टॅप नाच त्यावर वाजवून पाहिला, तेव्हा तिच्या बुटाचा एकच ठोका दोनदा ऐकू आला, अशी ह्या क्षेत्रातील प्रसिद्ध हकीकत आहे. कारण शोधता असे आढळले की, खर्जाचा कर्णा वळणावळणाचा असल्याने त्यातून येणाऱ्या आवाजाची वाट टिपेच्या कर्ण्याच्या वाटेपेक्षा सुमारे आठ फूट लांब पडत होती. आठ फूट म्हणजे सेकंदाचा सात-सहस्रांश भाग. एवढासा उशीर, पण कानाने तो पकडला! मग त्यांनी खर्जाच्या कर्ण्याची वाट आखूड केली, दोन्ही अंगे एका रेषेत आणली, आणि हा ‘दुपदरी’ संच पुढे चित्रगृहांचा नमुना ठरला. १९३६ सालच्या कामगिरीसाठी त्याला अमेरिकन चित्र-अकादमीचे तांत्रिक पारितोषिक मिळाले. त्या बुटाच्या ठोक्यातून पुढच्या सर्वांनी धडा घेतला : वाटणी कोठे करावी हा अर्धा प्रश्न; वाटलेले पुन्हा एकत्र, एकाच क्षणी, कानावर कसे पोचवावे हा दुसरा अर्धा.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही विद्या घरात शिरली. साधन फार सोपे होते. तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, खालचे स्वर जाऊ देते आणि वरचे अडवते. कंडेन्सर वरचे जाऊ देतो आणि खालचे अडवतो. आठ ओहमच्या स्पीकरसाठी दहा मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर टिपेच्या चकतीच्या वाटेत बसवला की २००० च्या आसपास रेघ पडली. मात्र ही रेघ म्हणजे शेताचा बांध नव्हे. बांधाच्या अलीकडे आपले, पलीकडे परक्याचे, असे ध्वनीत होत नाही; ती उतरण असते. एका कंडेन्सरने मिळणारी उतरण फार सौम्य, एका सप्तकाला सहा डेसिबल, म्हणजे रेघेपलीकडे बऱ्याच दूरपर्यंत दोघेही बोलतच राहतात. उतरण अधिक उभी करावी तर दोन अंगांची पावले एकमेकांशी चुकू लागतात. एक पुढे ढकलीत असता दुसरे मागे ओढते आणि नेमका रेघेवरचा स्वर गिळला जातो.

ह्यावरचा सुटसुटीत तोडगा १९७६ साली सीगफ्रीड लिंकविट्झ ह्यांनी प्रसिद्ध केला. ते आणि त्यांचे सहकारी रस रायली हे ह्युलेट-पॅकार्ड ह्या मापनयंत्रांच्या कारखान्यातले अभियंते. त्यांच्या पद्धतीत उतरण चांगली उभी, सप्तकाला चोवीस डेसिबल इतकी ठेवता येते. रेघेवर दोन्ही अंगे आपला आवाज निम्म्यावर आणतात, दोघांची पावले एकत्र पडतात, आणि दोन निम्मे मिळून पुरता एक होतो. कोणी कोणावर कुरघोडी करीत नाही, कोणी काम टाळीत नाही. घराच्या वाटणीतही एवढे साधले तर न्यायालयांचे निम्मे काम कमी होईल!

आता उरला तो मोठा डबा, ‘सबवूफर’. नुसता खर्ज बोलणारा हा भाऊ चित्रगृहांतून आला. १९७४ साली भूकंपावरील एका अमेरिकन चित्रपटासाठी प्रेक्षकांच्या खुर्च्या हादराव्यात म्हणून खास प्रचंड स्पीकर लावण्यात आले. पुढे तारायुद्धांचे चित्रपट आले. लुकास ह्यांच्या संस्थेत टॉमलिन्सन होल्मन ह्यांनी १९८३ च्या सुमारास चित्रगृहांच्या आवाजासाठी एक कसोटीच घालून दिली. तिचे नाव ‘टीएचएक्स’. त्यातील पहिली दोन अक्षरे होल्मन ह्यांच्या नावाची आणि तिसऱ्या अक्षरात आपल्या आजच्या विषयाचाच, क्रॉसओव्हरचा, निर्देश आहे असे सांगतात. घरच्या संचांसाठी ह्याच मंडळींनी रेघ ठरवली ती ८० आंदोलनांवर. हा आकडा हवेतून आलेला नाही. सुमारे ८० च्या खाली आवाज कोणत्या दिशेने आला हे माणसाच्या कानाला सांगता येत नाही. म्हणून तेवढ्याच भागाचा डबा कोठेही ठेवा, गाणे समोरूनच आल्यासारखे वाटते. रेघ १२० वर, १५० वर नेली की डबा आपली जागा सांगू लागतो.

येथे एका नावाची हकीकत सांगितल्याशिवाय आम्हास पुढे जाववत नाही. मिरवणुकीत छाती फोडणारी जी स्पीकरची भिंत असते तिला महाराष्ट्रात सर्रास ‘डॉल्बी’ म्हणतात. ‘डॉल्बी लावली’ म्हणजे आता कानात बोटे घाला, असा अर्थ. पण रे डॉल्बी हे कोण होते? हे अमेरिकन अभियंते १९६३ ते १९६५ ह्या काळात संयुक्त राष्ट्रांच्या वतीने तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात राहिले. येथील संगीताचे ध्वनिमुद्रण करताना फितीच्या सरसर आवाजाने ते बेचैन होत. तंबोऱ्याचा झंकार विरत जातो त्या नाजूक जागी ही सरसर नेमकी पुढे येते. ती कशी घालवावी ह्या विचारातून त्यांची पद्धत जन्मली आणि १९६५ साली लंडनला त्यांनी आपली संस्था काढली. त्यांच्या पहिल्या यंत्रानेही ध्वनीची वाटणीच केली : ८० च्या खालचा, ८० ते ३००० मधला, ३००० च्या वरचा आणि ९००० च्या वरचा असे चार पट्टे पाडून प्रत्येकाची निराळी निगा राखली. भारतीय संगीत अधिक शांतपणे ऐकू यावे म्हणून ज्याने नको तो आवाज कमी केला, त्याचे नाव आम्ही गोंगाटाला दिले! नावाची इतकी उलटी विटंबना क्वचितच कोणाची झाली असेल.

असो. आता ह्या इतिहासाची शिदोरी घेऊन भवानी पेठेतील त्या घरी परत जाऊ.

आम्ही गेलो तेव्हा दिसले ते असे. खोली दहा फूट रुंद, बारा फूट लांब. समोर दोन मध्यम स्पीकर, सहा इंची शंकूचे. माहितीपत्रकाप्रमाणे ते ५५ आंदोलनांपर्यंत खाली जाणारे. मोठा डबा कोपऱ्यात, सामाईक भिंतीला चिकटवलेला. आणि संचाच्या यादीत वाटणीची रेघ होती २०० वर. कोणी ठेवली? कोणीच नाही, ती तशीच राहून गेली होती.

ह्याचा परिणाम काय झाला तो पाहा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर शंभरच्या थोडा अलीकडे-पलीकडे असतो. रेघ २०० वर असल्याने बातमीदाराच्या आवाजाचा पाया समोरून न येता कोपऱ्यातील डब्यातून येत होता. समोरून जिभेचे बोल, कोपऱ्यातून छातीचा घुमारा! शब्द गढूळ झाले. शब्द कळेनात म्हणून वडील म्हणत, वाढव. मुलगा वाढवी; त्याबरोबर घुमाराही वाढे, शब्द पुन्हा गढूळच. बारा फुटी खोलीत ४७ च्या आसपासचा स्वर दोन भिंतींच्या मधे नेमका बसतो, आणि दहा फुटी बाजूला ५६ चा. कोपऱ्यात ठेवलेला डबा ह्या दोहोंना पुरेपूर चेतवितो. उरले भिंतीचे. विटांची भिंत वरचे स्वर चांगले अडवते. पण साधारण नियम असा की, स्वर एक सप्तक खाली गेला की भिंतीचा अडसर सहा डेसिबलने कमी होतो. शब्दांची स्पष्टता ज्या वरच्या स्वरांत असते ते अलीकडेच राहिले. घुमारा तेवढा पलीकडे गेला. आजींचे वाक्य अक्षरशः शास्त्रीय होते : शब्द एक कळेना, खाट मात्र हालते.

उपाय अर्ध्या तासाचा होता. प्रथम डबा सामाईक भिंतीपासून हलवला. त्याची योग्य जागा शोधण्याची एक गमतीची युक्ती आहे. डब्याला आपल्या बसण्याच्या जागी बसवावयाचे, खर्जाचे सावकाश वादन लावावयाचे आणि आपण खोलीभर वाकून, कान डब्याच्या उंचीला आणून फिरावयाचे. जेथे खर्ज ना फुगलेला ना बसलेला, सारखा ऐकू येतो, ती डब्याची जागा. मुलाचे वडील हसत म्हणाले, “माग लावताना असंच वाकून कान द्यायचो आम्ही.” मग रेघ २०० वरून ८० वर आणली. स्पीकर ५५ पर्यंत जातात म्हणून रेघही ५५ वरच ठेवू नये. माणसाला त्याच्या शक्तीच्या अखेरच्या टोकावर रोज काम करावयास लावू नये, तसेच हे. निम्मे सप्तक हात राखून वाटणी केली म्हणजे दोघेही सुखात राहतात. ज्यांच्या घरी तीन-चार इंची लहान स्पीकर आहेत त्यांना १०० किंवा १२० वर जावे लागेल. पण तेथे डबा कोपऱ्यात न ठेवता समोरच्या स्पीकरांच्या मधेच ठेवावा, म्हणजे आवाज दिशा सोडणार नाही.

डब्याच्या पाठीवरही अशीच एक खुंटी असते. ती पूर्ण वर फिरवून ठेवली, नाहीतर एकाच शेतात दोन बांध पडतात आणि मधली जमीन पडीक राहते. तिच्या शेजारी शून्य आणि एकशे ऐंशी असे लिहिलेली एक कळ असते. ही पावले जुळविणारी कळ; एलिनॉर पॉवेलच्या बुटाच्या ठोक्याची सख्खी नात! बसण्याच्या जागेवरून ऐकावे आणि ज्या बाजूला डग्गा भरीव वाटतो त्या बाजूला ती ठेवावी. शेवटी डब्याची पातळी इतकी खाली आणली की, डबा वाजतो आहे हे समजू नये, पण बंद केला तर काहीतरी गेल्यासारखे वाटावे.

परीक्षेसाठी आम्ही पुरुष गायकाचे ध्वनिमुद्रण लावले, सूर काळी एक. ह्या सुराचा षड्ज सुमारे १३९ आंदोलनांचा, तेव्हा तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ वर असते. म्हणजे पाहा, तार एक, पण तिचा मूळ स्वर ८० च्या रेघेखाली डब्याकडे जातो आणि तिचे सारे उपस्वर, १३९, २०८, २७७, समोरच्या स्पीकरांकडे जातात. वाटणी बिघडली असेल तर ही तार तुटते. घुमारा एकीकडे, झंकार दुसरीकडे. वाटणी साधली असेल तर खोलीत डबेच नाहीतसे होतात आणि तंबोरा उरतो. जुन्या लहान रेडिओवर हा ६९ चा स्वर बाहेरच पडत नसे; कान उपस्वरांवरून तो मनाने भरून काढी. ती कानाची किमया होती. आता यंत्र तो स्वर खरोखरीच देते, म्हणून जबाबदारीही वाढली.

वडिलांनी बातम्या लावल्या. शब्द स्वच्छ येऊ लागताच त्यांनी आपण होऊन आवाज खाली आणला, आणि तो पूर्वीपेक्षा बराच खाली राहिला. आठवड्याने आजींना विचारले. त्या म्हणाल्या, “थोडं येतंय अजून. पण झोप लागतीया.”

ह्या उत्तरातील पहिले वाक्य आपण विसरता कामा नये. कोणतीही रेघ भिंतीला जाड करीत नाही. वाटणी नीट केल्याने नको तो घुमारा गेला. हवा असलेला खर्ज भिंतीतून थोडा जाणारच. त्याला उपाय बटणात नाही, घड्याळात आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, रात्र म्हणजे दहापासून सहापर्यंत, आणि खासगी संचाने आपल्या जागेच्या सीमेवर ह्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक वर जाऊ नये असेही सांगितले आहे. पण ह्या मोजणीतही एक मेख आहे. मोजणारे यंत्र माणसाच्या कानाप्रमाणे ऐकते असे गृहीत आहे, आणि कान मंद आवाजात खर्ज फार कमी ऐकतो; म्हणून ते यंत्र ६३ आंदोलनांच्या स्वराचे सव्वीस डेसिबल वजा करूनच आकडा दाखवते. हा हिशेब ज्या आलेखांतून निघाला ते १९३३ साली प्रसिद्ध झाले, आणि ते काढणाऱ्या दोघांपैकी एक म्हणजे तेच फ्लेचर, ज्यांनी वॉशिंग्टनच्या रिकाम्या रंगमंचावर वाद्यवृंद बसवला. त्यांच्या हिशेबात खोट नाही. पण तो मंद आवाजाचा हिशेब आहे. स्पीकरच्या भिंतीपुढे, किंवा भिंतीला टेकलेल्या खाटेवर, तोच लावला तर आकडा कायद्यात बसतो आणि छाती हादरत राहते.

म्हणून आकड्यावर सगळे सोपवून चालणार नाही. सोलापूर हे आवाजाचे शहर आहे. गिरणीच्या भोंग्यावर ह्या शहराने उठावे, बसावे, जेवावे, असा काळ होऊन गेला; १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी आज नाही, पण मागांचा खटखटाट अजून कित्येक गल्ल्यांत ऐकू येतो. तो आवाज पोटाचा होता, म्हणून शेजाऱ्याने शेजाऱ्याचा सोसला. संचाचा आवाज हौसेचा आहे. हौस करू नये असे आम्ही कसे म्हणू? गोंधळ्याच्या संबळाने शतकानुशतके मोठ्या भांड्याला आणि लहान भांड्याला एकाच कमरेला बांधून नांदवले. आपणास तर एक बटण फिरवावयाचे आहे. घरी गेल्यावर ते बटण कोठे आहे ते पाहा, त्यावरचा आकडा वाचा, आणि मग एकदा पलीकडच्या घरी जाऊन, त्यांच्या बाजूने, आपला संच ऐका. आपल्या वाटणीचा खरा हिशेब तेथेच कळतो.